कागद खरा, घर मांडलेलं

रविवारी सकाळी माझ्याकडं पोरं येतात. बहुतेक बारावी झालेली, एखाददुसरं डिप्लोमाचं. हातात स्कॉलरशिपचा फॉर्म आणि त्याला जोडायचा एक कागद, ज्यात स्वतःविषयी लिहायचं असतं. पर्सनल स्टेटमेंट. पोरं त्याला नुसतं ‘पीएस’ म्हणतात. मी औषधांच्या कंपनीत तपासणी विभागात आहे. सहा दिवस गोळ्या तपासते आणि सातव्या दिवशी हे कागद. बहुतेकांची सुरुवात ‘माझा जन्म एका गरीब कुटुंबात झाला’ अशी असते. मी त्या ओळीवर रेघ मारते आणि विचारते, तुमच्या घरी पाणी कोण भरतं? पोरगं माझ्याकडं बघत राहतं. मग मी चिडते. मी चिडकी आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पोरं माघारी मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण माझा स्वतःचा पहिला कागद यांच्यापेक्षा भिकार होता, हे मी त्यांना सांगत नाही.

आमचं गाव अजिंठ्याजवळ, डोंगराच्या पायथ्याला. गाव म्हणायचं, पण आम्ही गावाबाहेरच्या वस्तीवरचे. वीस-बावीस घरं, सगळी धनगरांची. आबांकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं, मेंढरं होती. मी अकरावीला गेले त्या वर्षी त्यांनी ती सगळी एकदम विकली आणि लेणीच्या फाट्यावर एका खासगी पार्किंगमध्ये स्टुलावर बसून गाड्यांच्या पावत्या फाडायला लागले. आई दुसऱ्यांच्या रानात निंदायला जायची. बारावीला मला चांगले मार्क पडले आणि शहरातल्या कॉलेजात बी. फार्मला नंबर लागला. शहर म्हणजे संभाजीनगर. आबा अजून औरंगाबादच म्हणतात.

फी सरकारी योजनेतून सुटत होती. घोडं अडलं ते होस्टेलवर. आमच्या गावाहून रोज जाऊन-येऊन कॉलेज होत नाही, आणि होस्टेल-मेसचा खर्च घरातून निघणार नव्हता. आबांनी ते मला एकदाच सांगितलं. होस्टेलचं जमलं तर जा, नाय जमलं तर इथंच आर्ट्सला नाव टाक, अन् मामा एक स्थळ म्हणतोय ते बघू. स्थळ मला माहीत होतं. माणूस वाईट नव्हता. मला तिकडं जायचं नव्हतं, एवढंच.

शहरातली एक संस्था अशा मुलामुलींचा होस्टेलचा पूर्ण खर्च उचलायची. त्यासाठी दाखले, गुणपत्रिका आणि ते एक पान. दाखले सगळ्यांकडंच असतात, मार्कही बऱ्याच जणांना असतात. निवड व्हायची ती त्या पानावर. म्हणजे होस्टेल की मामाचं स्थळ, हे एका पानावर ठरणार होतं.

ते पान मी सिल्लोडच्या एका नेट कॅफेतून आणलं. फॉर्म भरून देणाऱ्या माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये ते तयारच असायचं. ‘मुलाचं पाहिजे का मुलीचं?’ एवढंच त्यानं विचारलं, नाव बदललं आणि प्रिंट काढून दिली. मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे. माझे आईवडील हेच माझे आदर्श आहेत. जिद्द, चिकाटी आणि परिश्रम या त्रिसूत्रीवर माझा विश्वास आहे. मी बसमध्ये दोनदा वाचलं. मला ते फार आवडलं. त्रिसूत्री हा शब्द तर मी पाठच केला.

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी बजावलं होतं की कागद देण्याआधी समर्थनगरमधल्या एका बाईंना दाखव. बाई कॉलेजातून रिटायर झालेल्या, एकट्या राहायच्या, आणि सरांनी पाठवलेल्या पोरांचे कागद वाचून द्यायच्या. मी गेले तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. हात पुसून त्यांनी कागद घेतला, अर्धा वाचला आणि परत दिला.

‘हा कागद या आठवड्यात मी चौथ्यांदा वाचतेय,’ त्या म्हणाल्या. ‘दर वेळी नाव तेवढं वेगळं. सिल्लोडचा ना?’

मी हो म्हणाले. कान गरम झाले.

‘मेथी निवडायला ये,’ त्या म्हणाल्या. मग मेथी निवडता निवडता त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. घरात काय काय आहे. कुठं बसून अभ्यास केला. वडील आधी काय करायचे. मी सांगत गेले. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. एक खाट, ती पाहुण्यांसाठी. दुपारी पत्रा तापला की मी मेंढरांच्या रिकाम्या कोंडवाड्यात लिंबाखाली अभ्यासाला बसायची.

‘रिकाम्या का?’

‘मेंढरं विकली.’

‘का विकली?’

‘माझ्यासाठी,’ मी म्हणाले.

बाईंचा हात थांबला. मला ती गोष्ट जशी दिसली होती तशी मी सांगितली. माझी सायन्सची ॲडमिशन झाली त्याच आठवड्यात व्यापाऱ्याचा टेम्पो आला. मेंढरं चढवून झाल्यावर एक तांबडी मेंढी फळकुटावरून उडी मारून खाली आली आणि आबांच्या पायाशी येऊन उभी राहिली. आबांनीच तिला उचललं आणि पुन्हा टेम्पोत ठेवलं. मग हौदावर जाऊन बराच वेळ हात धूत राहिले. आई त्या दिवशी रागाच्या भरात मला म्हणाली होती, तुझ्या शाळंपायी गेली बघ मेंढरं. तेव्हापासून ते मला पक्कं ठाऊक होतं.

‘हेच लिहायचं,’ बाई म्हणाल्या. ‘गरीब हा शब्द एकदाही नको. जिद्द नको. रडणं नको. मेंढी उतरली, वडिलांनी परत ठेवली, तू कुठं बसून अभ्यास केलास आणि पुढं काय शिकायचंय. बस.’

एक पान मी सहा वेळा लिहिलं. बाई दर वेळी खोडायच्या. जे आहे ते लिही, काय वाटतं ते वाचणाऱ्याला वाटू दे, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळी मला त्यांचा राग यायचा. सहाव्या वेळी त्यांनी काही खोडलं नाही. पानाच्या मध्यावर एक वाक्य एकटं उभं होतं : ती मेंढरं माझ्या शिक्षणासाठी गेली. बाई म्हणाल्या, हे वाक्य तुझं काम करेल.

सोमवारी लेणी बंद असते, त्यामुळं आबांना सुट्टी. कागद पाठवून दिल्यावरच्या सोमवारी ते म्हणाले, ‘काय लिहिलं गं त्यात? वाच की जरा.’ आबांना सहीपुरतं लिहिता येतं, वाचता येत नाही. आमच्या घरचा कायदा एकच, झाकली मूठ सव्वा लाखाची. घरातलं बाहेर सांगायचं नाही. आणि मी तर खाटेपासून कोंडवाड्यापर्यंत सगळं लिहून शहरात पाठवलं होतं. मी खऱ्या कागदाची झेरॉक्स हातात धरली आणि तिच्याकडं बघत सिल्लोडचा कागद वाचल्यासारखा म्हणून दाखवला, तो पाठच होता. माझे आईवडील हेच माझे आदर्श आहेत, इथं आबांनी मान हलवली.

‘लई भारी लिहिलं,’ ते म्हणाले. मला माझी लाज वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं.

तीन आठवड्यांनी फोन आला. पहिल्या यादीत नाव आहे, आता घर बघायला दोन माणसं येतील, वडील घरी पाहिजेत. मी सोमवार सांगितला. आबांना सांगितलं. तिथंच चूक झाली, आणि ती माझी होती. मी त्यांना एवढंच म्हणाले, ‘घर बघायला येणारेत.’

आमच्या वस्तीवर घर बघायला माणसं येतात ती एकाच कामासाठी, सोयरिकीच्या. आणि सोयरिकीची माणसं येणार म्हणलं की ते एका घराचं काम राहत नाही. ज्याच्याकडं जे बरं असेल ते त्या दिवशी त्या घरात येऊन पडतं. कुणी खुर्च्या देतं, कुणी कपबशा. पाहुणे गेले की ज्याचं त्याच्याकडं. यात कुणाला फसवतोय असं कुणाला वाटत नाही. तो रिवाज आहे. माझ्या चुलतबहिणीच्या वेळी तर दुभती म्हैससुद्धा दारात आणून बांधली होती.

मी आदल्या दिवशी आईला बजावलं. ‘काही मांडू नका. जसं आहे तसं त्यांना बघायचंय.’

‘व्हय व्हय,’ आई म्हणाली, सारवता सारवता.

सोमवारी मी पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेले. त्यांची गाडी दीड तास उशिरा आली. एक वयस्क सर आणि एक तरुण मॅडम, हातात फाईल. वस्तीवर पोचलो तर दारात हिरो होंडा उभी, पुसून चकाचक. मी चालता चालता थांबले. आत गेलो तर चार प्लॅस्टिकच्या लाल खुर्च्या, खाटेवर गादी, गादीवर मोरांची चादर, भिंतीवर घड्याळ आणि कोपऱ्यात कूलर. आबा नवं धोतर नेसून उभे. आईनं सोनेरी काठाच्या कपांत चहा आणला. शिरा केला होता, त्यावर काजू. आमच्या घरात काजू मी पहिल्यांदा बघत होते. दारात चार-पाच बाया पदर सावरून उभ्या. सगळ्यांना माझं भलं हवं होतं, आणि सगळ्यांनी मिळून माझ्या होस्टेलला कुलूप लावलं होतं.

सर खुर्चीत बसले. कूलरकडं बघितलं, मग फाईलकडं.

‘गाडी तुमची का?’ त्यांनी विचारलं.

‘व्हय,’ आबा म्हणाले.

‘आणि कूलर?’

‘हाय आपलाच.’ आबांनी हसून शिऱ्याची बशी पुढं सरकवली. सोयरिकीत असंच बोलतात.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी ओरडायला पाहिजे होतं. एरवी तोंड आवरत नाही म्हणून मी वस्तीवर प्रसिद्ध, पण दारात त्या बाया उभ्या होत्या, आबा नव्या धोतरात होते, आणि माझ्या तोंडून शब्द निघेना.

‘मी मुलीचा कागद वाचतो,’ सर म्हणाले. आणि त्यांनी तो मोठ्यानं वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सावकाश. दोन खोल्या. वर पत्रा. एक खाट, ती पाहुण्यांसाठी. कोंडवाड्यातला अभ्यास. तांबडी मेंढी, आबांनी ती उचलून ठेवली ते, हौदावर हात धुतले ते. ती मेंढरं माझ्या शिक्षणासाठी गेली.

आबा ऐकत होते. जिद्द, चिकाटी कुठं आली नाही. आदर्शही आले नाहीत. त्यांनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. दारातल्या बायांची कुजबुज बंद झाली.

सरांनी कागद गुडघ्यावर ठेवला. ‘बाबा, मी काही पोलीस नाही,’ ते म्हणाले. ‘पण यातलं एक काहीतरी खोटं आहे. कागद तरी, नाहीतर हे घर तरी. कागद खोटा असेल तर मुलीचं नाव यादीतून काढावं लागेल. मला तसं लिहून द्यावं लागतं.’

आबांना आता समजलं की ही सोयरीक नव्हे. मला त्यांच्या तोंडावर ते समजताना दिसलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

‘कागद खरा हाय,’ ते म्हणाले. ‘घर मांडलेलं हाय.’

मग आबांनीच एकेक दाखवायला सुरुवात केली. खुर्च्या पलीकडल्या घरच्या. गादी चुलतभावाची. गाडी त्याच्या जावयाची. हे सगळं ते त्या माणसांसमोर सांगत होते ज्यांनी त्या वस्तू दिल्या होत्या, आणि आबांनी आयुष्यात कधी कुणाला आमच्या घरात काय नाही हे सांगितलं नव्हतं. आवाज चढला नाही, पडला नाही. पार्किंगमध्ये गाड्या कुठं लावायच्या ते सांगतात तसं सांगितलं.

‘कूलर आमचा हाय,’ दारातली काकू म्हणाली. ‘अन् तो बी बंदच हाय, दोन साल झाले.’

मॅडम हसल्या. सरही थोडे हसले. आबा नाही हसले. मॅडमनी पेन काढलं आणि फाईलमधलं एक पान उलगडलं.

‘फक्त एक विचारते, मला इथं नोंद करायची आहे. मेंढरं तुम्ही मुलीच्या शिक्षणासाठी विकली, हे बरोबर आहे ना?’

तेव्हा आबांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, त्यांना माझा राग आलाय, की सगळ्यांसमोर त्यांचं आतलं बाहेर आणलं.

‘व्हय,’ ते म्हणाले.

मॅडमनी लिहून घेतलं.

पाहुणे गेल्यावर वस्तू जशा आल्या तशा परत गेल्या. खुर्च्या मीच डोक्यावर घेऊन नेऊन दिल्या. कुणी टोचून बोललं नाही, पण नंतर बरेच दिवस आमच्याकडं कुणी काही मागायलाही आलं नाही, आणि हे आमच्या वस्तीत बोलण्यापेक्षा वाईट. आबा त्या कागदाविषयी अक्षर बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही. मग निवड झाल्याचा मेसेज आला. आईनं देवापुढं साखर ठेवली. मामाला कळवलं, तो नाराज झाला, होऊ दे म्हणलं.

होस्टेलवर सोडायला आबा आले. माझी पेटी आत ठेवून झाली, वॉर्डनच्या रजिस्टरवर त्यांनी सही केली, अंगठा नाही, सही. मग मी त्यांना बसस्थानकावर पोचवायला गेले. सिल्लोडकडची गाडी लागायची होती. आम्ही बाकड्यावर बसलो. आबांनी तंबाखू मळली, मग तशीच पुडीत परत ठेवली.

‘त्या कागदात एक चूक हाय,’ ते म्हणाले.

मला वाटलं, आता खाटेचं काढतात. ‘कोणती?’

‘मेंढरं तुझ्या शिक्षणापायी नाय इकली.’

मी त्यांच्याकडं बघितलं.

‘गुडघे गेल्ते माझे. तू धाव्वीला असतानाच. डोंगर चढवंना. मेंढरं वर जायाची अन् म्या खाली दगडावर बसून राहायचो. सांजच्याला कुत्रीच खाली आणायची त्यायला. एक डाव लांडग्यानं दोन नेली, म्या खालून नुस्ता वरडत राह्यलो. मंग इकून टाकली.’

‘आईला माहीत नाही?’

‘नाय. कुणालाच नाय. धनगराचे गुडघे गेले म्हणून का दवंडी पिटायची?’

‘मग त्या मॅडमनी विचारलं तेव्हा व्हय कामून म्हणलात?’

‘तुझा कागद खोटा पडला असता,’ आबा म्हणाले. ‘घर तर आधीच खोटं पडलं होतं.’

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, ‘पण माझ्यासाठी विकायची वेळ आली असती, तरी तुम्ही विकलीच असती की.’

आबांनी खरंच विचार केला. उगाच हो म्हणायचं म्हणून म्हणाले नाहीत. समोर एक गाडी लागली, ती पैठणची निघाली.

‘खरं सांगू का, माय,’ ते म्हणाले. ‘पोरीपायी इक म्हणून कुणी म्हणलं असतं, तर नसती इकली. लई जीव होता माझा त्यांच्यावर.’

त्यात माझ्यावर राग नव्हता. विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. दोन वर्षं मी त्या मेंढरांचं ओझं घेऊन अभ्यास केला होता. ते एकदम उतरलं, आणि उतरल्याचंच जास्त लागलं. संस्थेला मी काही कळवलं नाही. पुढं दर वर्षी स्कॉलरशिप चालू ठेवायच्या फॉर्मला तोच कागद जोडत राहिले, त्याच वाक्यासह. आता पोरांना मी सांगते की जे आहे ते लिहा, आणि सांगताना माझा आवाज बाईंसारखाच ठाम असतो.

सिल्लोडची गाडी लागली. लोक दाराकडं धावले. आबा सगळ्यांत शेवटी उठले. त्यांनी दाराची दांडी दोन्ही हातांनी धरली, एक पाय पायरीवर ठेवला, थांबले, मग दुसरा पाय त्याच पायरीवर आणला. मग पुन्हा तसंच. ‘चला बाबा, लवकर,’ कंडक्टर आतून म्हणाला. आबांवर मी एक पान सहा वेळा लिहिलं होतं, आणि ते पायरी कशी चढतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.